आरमारी संगणकाची पारख



आमच्या कर्जत-खालापूरच्या मुलखाला समुद्रकिनारा नाही. पण खोपोलीचा घाट चढून गेले की लोणावळ्यास ‘शिवाजी’ हे नौदलाचे शिक्षणकेंद्र लागते. १९४५ सालापासून तेथे जहाजांच्या इंजिनांचे शिक्षण दिले जाते. त्यामुळे आम्हां डोंगरवासीयांनाही आरमाराविषयी कुतूहल असते. लढाऊ जहाजावर नवा संगणक बसवावयाचा तर त्याची पारख कशी करावी, हा आजचा विषय त्या कुतूहलातूनच निघाला आहे.

घरी संगणक घेताना आपण वेग विचारतो आणि किंमत विचारतो. जहाजावर त्याचे काम काय, ते आधी पाहू. माझगाव गोदीत बांधलेली ‘विशाखापट्टणम्’ ही विनाशिका २०२१ साली नौदलात दाखल झाली. अशा जहाजाचे रडार आकाश न्याहाळते, सोनार पाण्याखाली कान लावून असतो. त्या सर्वांची खबर एकत्र करून कोण, कोठून, किती वेगाने येत आहे हे पडद्यावर मांडावयाचे आणि त्यावर कोणते अस्त्र योजावे हे सुचवावयाचे, ही कामगिरी संगणकाची. चूक झाली तर तिची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागते.

पहिली पारख यंत्राच्या शरीराची. आमच्याकडे आषाढात पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर आणि चामड्याच्या जोड्यांवर बुरशी चढते, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे सांगावयास नको. समुद्रावर त्या दमटपणात मीठ मिसळते आणि तांब्याच्या बारीक तारा कुरतडू लागते. म्हणून आपल्या तिन्ही सैन्यदलांनी विजेच्या उपकरणांसाठी ‘जेएसएस ५५५५५’ नावाचे एक कसोटीपत्रक ठरवून दिले आहे. दमट उष्णता, खारा फवारा, बुरशी, कंप, धक्के अशा अनेक परीक्षा त्यात आहेत. यांपैकी कंप हा मोठा कावेबाज शत्रू होय. इंजिनाची थरथर महिनोन्‌महिने चालू राहते आणि एखादा स्क्रू हळूच सैल होतो. उलट हादरा एका क्षणाचा. जहाजाला प्रत्यक्ष काही न लागता जवळच पाण्यात स्फोट झाला, तरी सारा सांगाडा उसळतो आणि आतले भाग आपल्या खोबणीतून निसटतात. अमेरिकेत जड उपकरणे एका तराफ्यावर बसवून शेजारी पाण्यात खरोखरच सुरुंग उडवितात, आणि त्यानंतर यंत्र चालते की नाही ते पाहतात. ही परीक्षा मला फार प्रामाणिक वाटते.

शरीर धड असले तरी यंत्र अडखळले असता काय करते, हा प्रश्न उरतोच. १९९७ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या ‘यॉर्कटाऊन’ या क्रूझरवर बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांची जोडसाखळी बसवून प्रयोग चालला होता. एका खलाशाने एका रकान्यात शून्य भरले. संगणकाने त्या शून्याने भागाकार करावयास घेतला. शून्याने भागू नये, हे शाळेतले पोर जाणते. पण ते त्या यंत्राला कोणी बजावले नव्हते. बिघाड एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला आणि जहाज सुमारे पावणेतीन तास भर समुद्रात निश्चल पडले. येथे मला आमच्या बोरघाटातली ‘कॅच साइडिंग’ आठवते. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा मुळातच चढावाच्या एका आंधळ्या रुळाकडे वळविलेला असतो. गाडी ठरल्या जागी थांबून तिचा ब्रेक शाबूत असल्याचे सिद्ध झाले, म्हणजेच तो मुख्य मार्गाकडे फिरतो. बिघाड होणारच असे धरून केलेली ती रचना आहे. ‘यॉर्कटाऊन’वर एका रकान्याची चूक इंजिनापर्यंत पोहोचू देणारी वाट उघडीच राहिली होती.

आता याहून दुःखद प्रकरण. ३ जुलै १९८८ रोजी इराणच्या आखातात ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकन जहाजाने इराणचे एक प्रवासी विमान शत्रूचे समजून पाडले. २९० माणसे मेली. पुढे नोंदी तपासल्या, तेव्हा संगणकाने विमान वर चढत असल्याचेच नोंदविलेले आढळले. मात्र त्या गडबडीत काही खलाशी ते खाली झेपावत असल्याचे ओरडून सांगत होते. उंचीचा आकडा समोरच्या मोठ्या पडद्यावर नव्हता. तो बाजूच्या लहान पडद्यावरून वाचावा लागे. चौकशीनंतर ही मांडणी सुधारावी अशी शिफारस झाली. यंत्राचे गणित बरोबर होते, आणि तरीही अनर्थ घडला. तेव्हा प्रयोगशाळेतल्या ताज्यातवान्या अभियंत्याने पडदा वाचून पाहिला, एवढ्याने परीक्षा पुरी होत नाही. रात्रपाळीत डोळे ताठलेल्या, चारी बाजूंनी आरोळ्या ऐकणाऱ्या खलाशालाच त्यापुढे बसवून पाहिले पाहिजे.

राहता राहिला आयुष्याचा प्रश्न. आपली ‘राजपूत’ ही विनाशिका १९८० साली नौदलात आली आणि २०२१ साली निवृत्त झाली. म्हणजे ४१ वर्षांची चाकरी. संगणकाचे सुटे भाग बाजारातून नाहीसे व्हावयास दहा वर्षेही लागत नाहीत. म्हणून खरेदीच्या दिवशीच विक्रेत्यास विचारावे लागते, की हा भाग मिळेनासा झाल्यावर दुसरा कोणता बसेल, आणि तो बसविताना जहाजाचा पत्रा कापावा लागेल काय.