माग विकून बिटकॉइनचे यंत्र? आधी हिशेब मांडा

अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या बोलण्यात ‘मायनिंग’ हा शब्द वारंवार येतो. कोणी म्हणतो, घरात एक यंत्र लावून ठेवायचे, ते रात्रंदिवस चालते आणि बसल्या जागी बिटकॉइन मिळतात. कोणी म्हणतो, यंत्रही नको, नुसते पैसे भरा, दरमहा ठरलेली रक्कम खात्यावर येते. मालेगावचे एक मागवाले तर चार माग विकून असे यंत्र घ्यायचे जवळजवळ ठरवूनच आमच्याकडे आले. एजंटाने दिलेले रंगीत पत्रक त्यांच्या हातात होते. त्यावर महिन्याची कमाई ठळक अक्षरांत छापलेली होती. विजेच्या खर्चाचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता.

त्यांच्याबरोबर कागद घेऊन आम्ही जो हिशेब मांडला, तोच येथे वाचकांपुढे ठेवत आहोत. नव्या गोष्टीला नुसती नावे ठेवण्यात अर्थ नाही, पण ती समजून न घेता तिच्या मागे धावण्यातही शहाणपण नाही.

मायनिंग म्हणजे काय?

बिटकॉइनची कल्पना सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी मांडली गेली आणि जानेवारी २००९ मध्ये ती प्रत्यक्षात आली. सोप्या भाषेत सांगायचे तर ही एक सामायिक खतावणी आहे. कोणी कोणाला किती नाणी दिली याची नोंद तीत होते. तिची प्रत जगभरातील हजारो संगणकांवर आहे. तिला एक मुनीम नाही, एक पेढी नाही.

मग वहीचे पुढचे पान कोणी लिहायचे? त्यासाठी शर्यत लागते. प्रत्येक यंत्र प्रचंड वेगाने आकडे लावून पाहते. ज्याला नियमात बसणारा आकडा प्रथम सापडतो, त्याला पान लिहिण्याचा मान आणि बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. असे एक पान सरासरी दहा मिनिटांत लिहिले जाते. या शर्यतीलाच मायनिंग म्हणतात. तेथे खोदकाम काही नाही, जळते ती वीज.

बक्षीस सुरुवातीला ५० नाण्यांचे होते. साधारण चार वर्षांनी ते निम्मे होते. २०१२ मध्ये २५, २०१६ मध्ये साडेबारा, २०२० मध्ये सव्वासहा आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५ असे ते उतरत आले. पुढची कपात २०२८ च्या सुमारास होईल. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त निघणार नाहीत, असा नियमच आहे.

येथे आमच्या मागवाल्या मित्रांनी एक रास्त प्रश्न विचारला. “माग वाढवले की कापड वाढते. यंत्रे वाढली की नाणी वाढत नाहीत का?” नाही. हाच मुद्दा पत्रकात लपवला जातो. सगळ्या जगाने मिळून रोज सुमारे ४५० नाणीच काढायची, असे गणित बांधलेले आहे. यंत्रे वाढली की दर दोन आठवड्यांच्या सुमारास कोडे अधिक कठीण केले जाते. सबंध मालेगावाने मिळून रोज ४५० थानच विणायचे, असा नियम असता तर शेजाऱ्याने नवा माग टाकताच आपला वाटा कमी झाला असता. मायनिंगमध्ये नेमके हेच घडते.

यंत्राचा रोजमेळ

सुरुवातीच्या काळात साध्या घरगुती संगणकावर नाणी मिळत. नंतर खेळांसाठी वापरली जाणारी ग्राफिक्स कार्डे आली आणि २०१३ पासून केवळ याच कामासाठी बनवलेली ‘एसिक’ यंत्रे आली. आज बिटकॉइनसाठी दुसरे काही चालत नाही.

नव्या पिढीचे एक यंत्र घेऊ. त्याची ताकद २०० टेराहॅश आणि वीज साडेतीन किलोवॅट. म्हणजे एक अश्वशक्तीच्या चार-पाच मागांना लागेल तेवढी वीज ते एकटे खाते, तेही चोवीस तास. दिवसाला ८४ युनिट झाले. युनिटला १० रुपये धरले तर रोजचे ८४० रुपये आणि महिन्याचे २५ हजारांच्या वर.

आता मिळकत पाहू. जगभरातील यंत्रांची एकत्रित ताकद २०२५ मध्ये शंभर कोटी टेराहॅशच्या टप्प्यावर पोहोचली. आपल्या यंत्रासारखी ५० लाख यंत्रे एकदम चालावीत, तेवढी ही ताकद आहे. तेव्हा ४५० नाण्यांचा पन्नास लाखावा भाग आपला. तो होतो ०.००००९ नाणे. नाण्याचा भाव एक कोटी रुपये धरला तर रोजचे ९०० रुपये.

नऊशे जमा, आठशे चाळीस नावे. उरले साठ. त्यातून ज्या गटात यंत्र जोडायचे त्या ‘पूल’चे कमिशन जाईल. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाव एक कोटीच्या वर गेला होता हे खरे, पण पुढच्या दीड महिन्यात तो चौथ्या हिश्श्याहून अधिक उतरला. भाव ७५ लाख धरला तर रोजची जमा ६७५ रुपये आणि रोजचा तोटा १६५ रुपये. यंत्राची लाखांतली किंमत, दुरुस्ती आणि पंखे-वातानुकूलन यांचा खर्च आपण अजून धरलेलाच नाही.

काही जण जुने यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेतात. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या अँटमायनर एस-९ ची ताकद साडेतेरा टेराहॅश आहे. ते दिवसाला सुमारे ३२ युनिट खाते. वरच्याच हिशेबाने वीज ३२० रुपयांची आणि मिळकत, भाव एक कोटी असतानाही, ६० रुपयांची. असे यंत्र फुकट मिळाले तरी महाग आहे.

वाचक विचारतील, मग हा धंदा चालतो तरी कोणाचा? ज्यांना वीज अतिशय स्वस्त पडते त्यांचा. आपल्या शेजारच्या भूतानमध्ये सरकारी मालकीची कंपनी नद्यांच्या पाण्यावर तयार झालेल्या विजेवर मायनिंग करते. २०२१ मध्ये चीनने बंदी घातल्यावर तेथील यंत्रे अमेरिका आणि कझाकस्तानकडे गेली. या लोकांशी आपली स्पर्धा आहे, आणि तीही आपल्या दराच्या विजेवर.

एक इशारा येथेच देतो. यंत्रमागाच्या सवलतीच्या कनेक्शनवर असे यंत्र चालवणे म्हणजे मंजूर कामाऐवजी दुसऱ्याच कामासाठी वीज वापरणे होय. २००३ च्या वीज कायद्यात त्यावर जबर आकारणी आहे. आकडा टाकून वीज घेणे तर सरळ चोरी आहे.

हौसेला मोल किती?

तरुण मुलांना यातली तांत्रिक बाजू शिकायची असते. त्यांना आम्ही नाउमेद करणार नाही. मुठीएवढे छोटे यंत्र मिळते. ते पंधरा-वीस वॉट वीज घेते आणि सव्वा टेराहॅशच्या आसपास चालते. वायरिंग, नेटवर्क आणि वॉलेट यांची ओळख त्यावर होते. पण त्याने एकट्याने पान जिंकण्याचा योग आजच्या स्पर्धेत सरासरी पंधरा-सोळा हजार वर्षांतून एकदा येतो. शिकण्यासाठी घ्यावे, बक्षिसाच्या आशेने घेऊ नये.

ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम काढण्याचा काळही संपला. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली. डिझाइनिंगच्या कामासाठी लॅमिंग्टन रोडवरून जुने कार्ड घेणाऱ्यांनी ते पूर्वी मायनिंगला जुंपलेले होते का, हे विचारून आणि चालवून पाहूनच घ्यावे.

‘दरमहा ठरलेला नफा’

यंत्राचा हिशेब निदान कागदावर मांडता येतो. खरा धोका ‘यंत्र आमचे, पैसे तुमचे’ म्हणणाऱ्यांचा आहे. आपल्या पुण्याशी संबंध असलेले गेनबिटकॉइन प्रकरण आठवावे. बिटकॉइन गुंतवा, मायनिंगमधून १८ महिने दरमहा १० टक्के देऊ, असे आश्वासन होते. सुरुवातीला लोकांना मिळाले. मग बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे त्यांचे स्वतःचेच नाणे हातावर ठेवले गेले, ज्याची किंमत नगण्य होती. सूत्रधार अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच अटक झाली. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर छापे पडले. बुडालेल्यांचे पैसे मात्र छाप्यांच्या वेगाने परत येत नाहीत.

ज्या धंद्यात नाण्याचा भाव रोज बदलतो, कोडे दर पंधरवड्याला बदलते आणि बक्षीस चार वर्षांनी निम्मे होते, त्यात ठरलेला मासिक नफा कोण आणि कोठून देणार? तो नव्याने येणाऱ्याच्या खिशातूनच येतो. आणखी माणसे आणा म्हणजे कमिशन देऊ, असे कोणी सांगितले तर तेथेच उठावे. आणणारा आपला नातेवाईक असो की मोहल्ल्यातील प्रतिष्ठित माणूस असो. अशा योजना ओळखीवरच पसरतात.

विकत घ्यायचेच असेल तर

क्रिप्टो विकत घेण्यावर देशात बंदी नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना घातलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केली. मात्र हे कायदेशीर चलन नव्हे. ते घेण्यास कोणावर सक्ती नाही, आणि बँकेतील ठेवींना असलेले पाच लाखांचे विमा संरक्षण त्याला नाही. नवख्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, कर. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर उपकर. विक्रीवर एक टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एकात ५० हजार मिळाले आणि दुसऱ्यात ५० हजार गेले, तर हाती शून्य आणि कर १५ हजार! मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च खरेदी किंमत म्हणून धरता येणार नाही, हे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले आहे. वीजबिलाबद्दल आपल्या सीएला यंत्र घेण्याआधी विचारावे, घेतल्यावर नव्हे.

दोन, जागा. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना काळा पैसा प्रतिबंधक कायदा लागू आहे. सरकारच्या एफआययूकडे नोंद असलेल्या ठिकाणीच व्यवहार करावा. पण नोंद म्हणजे हमी नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर चोरी होऊन सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली आणि ग्राहकांची नाणी वर्षाहून अधिक काळ अडकून पडली.

तीन, किल्ली. स्वतःच्या वॉलेटमध्ये नाणी ठेवली तर बारा किंवा चोवीस शब्दांची एक किल्ली मिळते. ती कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी, मोबाइलमध्ये फोटो काढून नव्हे. ती हरवली तर नाणी गेली, दुसऱ्याने पाहिली तरी गेली. घरातील एका भरवशाच्या माणसाला तिची माहिती असावी. नाहीतर आपल्या पश्चात वारसांच्या हाती काहीच लागणार नाही.

चार, रक्कम. सूत, कातडे, लाकूड यांच्या खरेदीचे भांडवल, मुलांची फी, मुलीच्या लग्नाचे पैसे यांना हात लावू नये. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नये.

हलाल की हराम?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त विचारला जातो. उलेमांमध्ये यावर एकमत नाही. इजिप्तच्या मुख्य मुफ्तींनी २०१८ च्या सुरुवातीला मनाई सांगितली. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०२१ मध्ये चलन म्हणून वापर हराम ठरवला. मलेशियाच्या रोखे आयोगाच्या शरीअत सल्लागार मंडळाने २०२० मध्ये नोंदणीकृत ठिकाणच्या व्यवहाराला अटींसह मान्यता दिली. फतवा देणे आमचे काम नाही. आपल्या विश्वासाच्या मुफ्ती साहेबांना विचारावे, पण अर्धवट नव्हे. “बिटकॉइन जायज आहे का?” एवढेच न विचारता, पैसा कोठे जातो, नफा कशातून येतो, कोणी हमी दिली आहे, उधारीवर आणि व्याजावर सौदा आहे का, हे सारे त्यांच्यापुढे मांडावे. पुष्कळदा प्रश्न नीट मांडतानाच उत्तर दिसू लागते.

मालेगावच्या त्या बांधवांनी कागद दोनदा तपासला. मग म्हणाले, “माग निदान मंदीत बंद तरी ठेवता येतो. हे बंद ठेवले तर उद्या जुने होते.” त्यांनी माग विकले नाहीत. पण जाता जाता कळले की त्याच एजंटाच्या मासिक योजनेत त्यांनी आधीच ६० हजार भरले होते. मोबाइलवर ती रक्कम वाढलेली दिसते. काढायला गेले की ‘आधी कर भरा’ असा निरोप येतो. तो कर भरू नका, असे सांगून आम्ही त्यांना त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली. पैसे अद्याप परत आलेले नाहीत.

एजंटाचे पत्रक आता आमच्याकडे आहे. त्याच्या कोऱ्या बाजूवर वरचा सगळा हिशेब लिहिलेला आहे. ज्यांना असे पत्रक मिळाले असेल त्यांनी सही करण्याआधी आपल्या विजेचे शेवटचे बिल शेजारी ठेवून हीच आकडेमोड करावी. जमत नसेल तर पत्रक आणि बिल घेऊन आमच्याकडे यावे.