डबा, उपग्रह आणि चंद्रकांतांचे शिवराय

जिओकॅशिंग म्हणजे काय? कुणीतरी डबा लपवतो, अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी मोबाइल घेऊन शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा जागच्या जागी ठेवायचा. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर यांनी पहिली बादली लपवली.

युद्धपटांच्या नायकांवरही अशा डब्यांची मालिका आखता येते. आपल्याकडे पहिला मान चंद्रकांत मांढरे यांचा. भालजी पेंढारकरांच्या 1952च्या ‘छत्रपती शिवाजी’त ते महाराज होते, तर मिर्झाराजे जयसिंग होते पृथ्वीराज कपूर. तोफा-तलवारींइतकीच नजरेची लढाई तिथे रंगते, असं आमचं मत.

रत्नागिरीहून मालिका आखायची तर पहिला थांबा तीन बाजूंनी समुद्र असलेला रत्नदुर्ग. मग आंबा घाट चढून विशाळगड आणि पावनखिंड. शेवट कोल्हापुरात, चंद्रकांतांच्या चित्रांच्या संग्रहालयात. हा नट उत्तम चित्रकारही होता, हे अनेकांना ठाऊक नसतं!

नियम: डबा पुरायचा नाही, दोन डब्यांत किमान 161 मीटर अंतर हवं. संरक्षित किल्ल्यावर डबा नकोच. तिथल्या फलकावरचा किंवा बुरुजांचा प्रश्न घाला, उत्तरातून डब्याच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे मिळू द्या आणि डबा गावात, जागामालकाच्या परवानगीने ठेवा. पावसाळ्यात तटावर चढू नका.