जुन्नर-आंबेगावची मुंबई

मुंबई वाढली ती मुख्यतः बाहेरून आलेल्या माणसांनी. 1921 च्या जनगणनेत शहरातल्या दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे 84 जण मुंबईबाहेर जन्मलेले होते. त्यांत पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडचे, जुन्नर-आंबेगावचे लोकही होते. या दोन तालुक्यांच्या पश्चिमेला पाऊस धो धो पडतो, पण जमीन उताराची आणि भातखाचरं लहान. पूर्वेकडे पाऊसच कमी. कोरडवाहू बाजरीवर वर्ष निघत नसे, म्हणून सुगी आटोपली की तरुण घाट उतरत.

गिरण्यांत कोकणचा भरणा मोठा होता. जुन्नर-आंबेगावच्या माणसांनी भाजीबाजारातली हमाली आणि जेवणाचे डबे पोचवण्याचं काम धरलं. महादेव हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये डब्यांचा व्यवसाय सुरू केल्याचं सांगतात. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव याच पट्ट्यातले लोक तो आजही चालवतात. मुकादम आपल्याच गावची, भावकीतली पोरं आणतो. नवख्याला काम, उधारी आणि पथारीपुरती जागा एकाच ओळखीवर मिळते.

ही जागा म्हणजे गावाचा गाळा. एका खोलीत वीस-पंचवीस पुरुष, भिंतीला लावलेल्या ट्रंका, पाळीपाळीने झोप आणि जेवण खानावळीत. 1921 मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या. बायको गावीच राहून शेत, गुरं आणि सासू-सासरे सांभाळी. मुलं तिथेच जन्मत, तिथेच वाढत. म्हणजे माणूस मुंबईत राबत असला तरी त्याचा वंश गावात वाढत होता. मनीऑर्डर धाडणाऱ्याचं कौतुक झालं. ती येईपर्यंत घर चालवणारीला स्थलांतराच्या इतिहासात फार थोडी जागा मिळाली, हा अन्यायच आहे.

अमेरिकेतल्या फिलिपिनो लोकांचं असंच झालं. 1920 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या शेतांवर राबायला गेले ते बहुतेक एकटे पुरुष. 1965 च्या तिथल्या इमिग्रेशन कायद्याने कुटुंबांना वाट मोकळी झाली आणि मग त्यांची संख्या झपाट्याने वाढली. मुंबईत कायद्याची आडकाठी नव्हती, अडचण जागेची आणि बेभरवशाच्या मजुरीची होती. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांना मंडळामार्फत मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला. बाजार नवी मुंबईत हलल्यावर कोपरखैरणे-घणसोलीत माथाडींच्या वसाहती झाल्या. बायका-मुलं आली आणि पुढची पिढी शहरातच जन्मली.

गावाशी नातं मात्र तुटलेलं नाही. एप्रिलमध्ये गावोगावच्या जत्रांसाठी डबेवाले काही दिवस सुट्टी घेतात. मंदिराचा जीर्णोद्धार असो की बैलगाडा शर्यतीचं बक्षीस, मुंबईकरांची वर्गणी ठरलेली.

मधल्या काळात गावंही बदलली. कुकडी प्रकल्पातल्या येडगाव, वडज, माणिकडोह, डिंभे या धरणांनी पूर्वेकडे ऊस, द्राक्षं आणि टोमॅटो आणले. डिंभ्याच्या पाण्याखाली खुद्द आंबेगाव गाव गेलं आणि पश्चिमेची आदिवासी कुटुंबं विस्थापित झाली. 2001 ते 2011 या दशकात पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 30 टक्क्यांनी वाढली, जुन्नरची जेमतेम 8 आणि आंबेगावची 10 टक्क्यांनी. इथले तरुण आता मुंबईऐवजी भोसरी-चाकणच्या कारखान्यांकडे जातात. जुन्नर तालुक्यातल्याच नारायणगावच्या मजूरबाजारात मात्र पहाटेपासून पश्चिमेकडच्या आणि शेजारच्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी जोडप्यांची रांग लागते, टोमॅटो तोडायला.