आदेश न काढता झालेली कपात: पालघर, बोईसर आणि दिव्यांगांच्या अनुदानाचं गणित

पालघर जिल्ह्यात दिव्यांगांच्या अनुदानात कपात झाली आहे का? हा प्रश्न तुम्ही कुठल्याही सरकारी कार्यालयात विचारलात तर उत्तर येईल, ‘नाही, उलट वाढ झाली आहे.’ कागदावर ते बरोबरच आहे. कपातीचा शासन निर्णय शोधायला गेलात तर सापडणार नाही. तरीही बोईसरच्या चाळीत किंवा मोखाड्याच्या पाड्यावर ‘आमचे पैसे बंद झाले’ असं सांगणारी माणसं भेटतात, आणि तीही खरं बोलत असतात.

ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी असू शकतात, ते आज समजावून घेऊ. मी एम.एस्सी. संख्याशास्त्रात केलं आणि आता पीएचडीसाठी सरकारी योजनांमधून माणसं कशी गळतात याचा अभ्यास करतेय. त्यामुळे थोडं गणित येणार आहे, पण गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे काही नाही.

आधी शब्दाबद्दल एक गोष्ट. सरकारी कागदांवर आता ‘दिव्यांग’ असतं. चळवळीतल्या अनेकांना हा शब्द पटत नाही. शरीरात काही दिव्य नसतं, हक्क हवेत, असं ते म्हणतात. मी इथे योजनांबद्दल लिहितेय म्हणून तोच शब्द ठेवते.

पहिली कपात: जागेवर थांबलेला आकडा

केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या माणसांसाठी आहे. ८० वर्षांच्या आतल्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे. तो २०१२ मध्ये ठरला आणि नंतर हललेला नाही.

ग्राहक किंमत निर्देशांकात २०१२ ची पातळी १०० धरली, तर २०२५ मध्ये तो १९५ च्या आसपास पोचला होता. म्हणजे २०१२ मध्ये जी वस्तू १०० रुपयांना मिळायची, तिला आता १९५ लागतात. ३०० ला १.९५ ने भागा: साधारण १५४. तेव्हाच्या भावाने आज हातात दीडशे रुपयेच पडतात. निम्मी रक्कम गेली, आणि एकाही मंत्र्याला त्यासाठी सही करावी लागली नाही.

राज्याचा भाग वेगळा आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. तिची रक्कम २०१९ पर्यंत ६०० होती, मग १०००, आणि जुलै २०२३ पासून १५००. जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीला अन्नत्याग आंदोलन केलं. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना महिना ६००० रुपये मिळावेत, ही त्यांची मागणी होती. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २५०० करायचा निर्णय घेतला. मागितलेल्याच्या निम्म्याहूनही कमी, पण आकडा हलला.

इथे कायद्याचं एक कलम माहीत असायला हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम २४ सांगतं की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. विधवा किंवा इतर निराधारांना १५०० मिळत असतील, तर दिव्यांगांना किमान १८७५. प्रत्यक्षात २०२५ च्या निर्णयापर्यंत सगळ्यांना सारखेच १५०० मिळत होते. ‘सगळ्यांना समान’ हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण कायद्याच्या हिशेबाने ती दरमहा ३७५ रुपयांची तूट होती.

दुसरी कपात: कागदांची साखळी

माझ्या अभ्यासाचा मुख्य भाग हा आहे. अनुदान हातात पडायला साधारण सहा टप्पे पार करावे लागतात असं धरू: दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं, आणि दरवर्षी हयातीचा दाखला. समजा प्रत्येक टप्पा चांगला चालतो आणि पात्र असलेल्या १०० पैकी ९५ जण तो पार करतात. मग शेवटी किती उरतील?

पंच्याण्णव नाही. ०.९५ ला स्वतःनेच सहा वेळा गुणायचं: उत्तर ०.७३५. म्हणजे १०० पैकी जेमतेम ७४. पात्र असलेला प्रत्येक चौथा माणूस बाहेर, आणि प्रत्येक खिडकीवरचा कर्मचारी मात्र प्रामाणिकपणे म्हणू शकतो की ‘माझ्याकडे फक्त पाचच अडले.’ दोष नक्की कोणाचा, हे कधीच सापडत नाही.

या गणितात एक गृहीतक आहे: टप्पे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. प्रत्यक्षात जो एका खिडकीवर अडतो तोच पुढच्या खिडकीवर अडायची शक्यता जास्त असते. तसं धरलं तर एकूण गळती थोडी कमी दिसते, पण ती सगळी ठरावीक माणसांच्याच वाट्याला येते. पालघरमध्ये ती माणसं कोण, हे नकाशा बघून बरंचसं सांगता येतं.

हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा असे आठ तालुके. जिल्हा मुख्यालय पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला आहे. लोकलच्या पट्ट्यात राहणाऱ्याला ते जवळ पडतं. जव्हारहून पालघर सत्तर-ऐंशी किलोमीटर, मोखाडा त्याहून लांब. ज्याला स्वतःहून बसमध्ये चढता येत नाही त्याच्याबरोबर घरातलं कोणीतरी जाणार. त्या माणसाचा बुडालेला दिवस रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या दराने धरला तरी ३१२ रुपयांचा. पाच खेपा म्हणजे १५६० रुपये, गाडीभाडं वेगळं. १५०० च्या अनुदानाचा एक अख्खा महिना फक्त सोबत करण्यात गेला.

आता बोईसरला या. तारापूर एमआयडीसीमध्ये कामाला असलेला एक कंत्राटी कामगार कल्पनेने उभा करू. बाहेरच्या राज्यातून दहा वर्षांपूर्वी आला, प्रेस मशीनवर उजव्या हाताचा अंगठा गेला. कामगार भरपाईच्या अनुसूचीत अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरतात. एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वेगळ्या पद्धतीने मोजलं जातं आणि तिथे लाभासाठी रेषा ४० टक्क्यांची आहे. एकाच हाताचे दोन कायद्यांत दोन आकडे. समजा ४० ची रेषा पार झाली. तरी संजय गांधी योजनेला महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. याची दहाच झालीत. उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगांसाठी वर्षाला ५०,००० आहे, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. घरात दुसरं कोणी कमावत असेल तर तीही ओलांडली. (तुलनेसाठी: लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाख आहे.) आणि आधारच्या पडताळणीला अंगठा लावा म्हटलं, तर तो लावायचा कुठून?

कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचंही असंच होतं. कायद्यातल्या २१ प्रकारांत ते येतात, पालघर हा कुष्ठरोगाचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांपैकी आहे, आणि झिजलेल्या बोटांवर यंत्राला ठसा सापडत नाही. डोळ्यांच्या बाहुलीवरून पडताळणी करायचा पर्याय आधारमध्ये आहे, पण त्याचं यंत्र समोर असावं लागतं.

संख्याशास्त्रात दोन चुका शिकवतात. अपात्र माणसाला लाभ मिळाला ही एक, पात्र माणूस वगळला गेला ही दुसरी. एक चूक कमी करायला चाळणी बारीक केली की दुसरी वाढते. पहिली चूक वर्तमानपत्रात छापून येते, ‘बोगस लाभार्थी’ म्हणून. दुसरी घरात बसून राहते. झारखंडमधल्या रेशनवर कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी याचा काळजीपूर्वक अभ्यास केला. आधार पडताळणी आल्यावर गळतीत फरक पडला नाही. पण ज्या साधारण २० टक्के कुटुंबांचं आधार आधी जोडलेलं नव्हतं, त्यांना मिळणारं धान्य सरासरी १० टक्क्यांनी घटलं. यंत्रणेने चोर शोधायला जाळं टाकलं आणि त्यात अडकले ते आधीच मागे राहिलेले.

तिसरी कपात: खर्च न झालेला वाटा

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पूर्वी हा वाटा ३ टक्के होता. ऐकायला छान, पण टक्केवारी कशाची, हे बघा. समजा कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न वर्षाला १ कोटी आहे आणि गावात २०० दिव्यांग आहेत: ५ लाख, माणशी २५००. डोंगरातल्या ग्रामपंचायतीचं उत्पन्न १ लाख आणि दिव्यांग २०: ५ हजार, माणशी २५० रुपये. वर्षाला! जिथे बस नाही, दवाखाना लांब, तिथेच वाटा दहापट लहान.

पालघरमध्ये आणखी एक गोंधळ होतो. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना पेसाचा ‘५ टक्के अबंध निधी’ मिळतो. तो आदिवासी उपयोजनेतला, वेगळा. ‘पाच टक्के आले का?’ असं ग्रामसभेत विचारलं की कधी एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर मिळतं. प्रश्न विचारताना ‘स्वनिधीतला दिव्यांगांचा ५ टक्के’ असं पूर्ण नाव घ्यायला हवं.

मग संघटना काय करू शकते?

ब्रिटनशी तुलना इथे उपयोगी पडते. तिथे मार्च २०२५ मध्ये सरकारने दिव्यांगांच्या एका भत्त्याचे निकष कडक करायचं जाहीर केलं. कपातीला तारीख होती, विधेयक होतं, आकडे होते. २०१० पासून कपातीविरुद्ध लढणाऱ्या दिव्यांगांच्या गटांना, त्यांच्याबरोबरच्या संस्थांना आणि नाराज खासदारांना नेमकं काय रोखायचं ते माहीत होतं. जुलैत सरकारने तो भाग विधेयकातून काढला. आपल्याकडे रोखायला विधेयकच नसतं. त्यामुळे इथल्या संघटनेचं पहिलं काम म्हणजे कपात दिसेल अशी करणं.

त्यासाठी मोजावं लागतं. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग नोंदले गेले. पालघरचे किती? तेव्हा पालघर जिल्हाच नव्हता. ठाण्याच्या तालुक्यांची बेरीज करत बसावं लागतं. शिवाय तेव्हा मोजलेले प्रकार आठ, आताच्या कायद्यातले २१. आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेल त्या आठांत नव्हताच. मोजणीसाठी भांडणं हे काही नवं नाही. २००१ च्या जनगणनेत दिव्यांगत्वाचा प्रश्न आला तो जावेद आबिदी आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी धरून लावल्यामुळे. १९९५ चा पहिला कायदाही संसदेसमोरच्या आंदोलनाच्या रेट्यातच मंजूर झाला होता. पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे. पण गावाची आणि चाळीची यादी करायला तोवर थांबायची गरज नाही.

दुसरं काम साखळीचं. वरच्या गणितात प्रत्येक टप्प्यावर ९५ ऐवजी ९९ जण पार झाले तर काय होतं बघा: ०.९९ सहा वेळा गुणलं की ०.९४. म्हणजे ७४ ऐवजी ९४ माणसं. प्रत्येक खिडकीवर फक्त चार टक्क्यांची मदत, आणि शेवटी २० माणसांचा फरक. ही चार टक्के मदत फार साधी असते: दहा जणांनी मिळून एक गाडी करणं, अर्ज भरता येणारं एक माणूस सोबत असणं, नाकारलं तर कारण लेखी मागणं, हयातीच्या दाखल्याची तारीख सगळ्यांना आठवणीने कळवणं. मोर्चाचा फोटो पेपरात येतो, या कामाचा येत नाही. पण दोन्ही लागतात, कारण ती दोन वेगळ्या कपातींवरची औषधं आहेत. गोठलेला आकडा हलवायला राज्यभरचा दबाव लागतो. मोझरीच्या उपोषणाने तो दाखवला. साखळीतली गळती मात्र एखाद्या घोषणेने थांबत नाही. आकडा १५०० चा २५०० झाला तरी ज्याचं खातं आधारशी जोडलेलं नाही त्याच्यासाठी तो शून्यच राहतो.

तिसरं काम हिशेबाचं, आणि त्यासाठी पालघरकडे एक जागा आहे. पेसामुळे पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. तिथे तीन प्रश्न विचारता येतात: गेल्या वर्षी स्वनिधी किती होता, त्याचे ५ टक्के किती झाले, आणि ते कोणावर खर्च झाले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचं. नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज. तिथेही नाही तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, जिल्ह्यासाठी समितीची तरतूद कायद्याच्या कलम ७२ मध्ये आहे.

तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाचं अनुदान थांबलं असेल, तर ‘योजना बंद झाली’ असं समजून घरी बसू नका. बहुतेक वेळा योजना चालू असते आणि सहापैकी एक कडी तुटलेली असते. तहसील कार्यालयात विचारायचा प्रश्न एवढाच: नेमकी कोणती? आणि तो विचारायला एकट्याने जाऊ नका.