वकीलपत्र आणि समोरचा वकील

वतनाच्या जमिनीचा वडिलांचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालू होता. एका संध्याकाळी समोरच्या पक्षाचे वकील आमच्या दारात जीपमधून उतरले. एरवी वस्तीत पाणीही न पिणारे हे गृहस्थ त्या दिवशी आईच्या हातचा चहा प्याले आणि वडिलांना म्हणाले, "कशाला कोर्टाचे खेटे घालतोस? इथं अंगठा दे, मिटवून टाकू." वडिलांनी अंगठा दिला नाही. पण असे येणेच नियमबाह्य होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. मलाही पदवीनंतरच कळले.

1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने वकिलांच्या वर्तनाचे नियम केले आहेत. त्यांतील 34 वा नियम असा, की ज्या पक्षकाराने वकील दिलेला आहे त्याच्याशी वादाच्या विषयावर समोरच्या वकिलाने कोणत्याही प्रकारे बोलणे वा वाटाघाट करायची ती त्याच्या वकिलामार्फतच.

कारण उघड आहे. एकाला कायदा पाठ, दुसऱ्याला आपली सही कुठे नेईल याचीही कल्पना नाही. दिवाणी दाव्यात पक्षकारांच्या सहीची लेखी तडजोड कोर्टाने नोंदवून हुकूमनामा दिला, की त्यावर सहसा अपील चालत नाही. तडजोड बेकायदेशीर होती म्हणून वेगळा दावाही लावता येत नाही, त्याच कोर्टापुढे जावे लागते. एका अंगठ्याची किंमत एवढी असते.

मात्र हा नियम वकिलाला बांधतो, पाटलाला नाही. प्रतिपक्ष स्वतः दारात येऊ शकतो. आणि आपण वकीलच दिला नसेल तर हा नियम आपल्या कामाचा नाही.

अत्याचाराच्या खटल्यात तर फिर्याद सरकार चालवते, पीडित साक्षीदार ठरतो. त्याला 34 व्या नियमाचा आधार मिळेलच असे धरून चालू नये. तिथे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम 15-अ हाताशी आहे. ते जानेवारी 2016 पासून लागू आहे. साक्षीदारावर धमकी, दडपण वा आमिष आले तर पोलिसांनी तक्रार नोंदवून तिची प्रत फुकट दिली पाहिजे.

वकिलाविरुद्धची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे लेखी करता येते. गैरवर्तन सिद्ध झाल्यास ताकीद, काही काळ वकिलीबंदी किंवा सनद जाणे, अशा शिक्षा आहेत. वडिलांनी हा प्रकार आपल्या वकिलांना सांगितला तेव्हा ते हसून म्हणाले होते, "जाऊ द्या, ते आमचे मित्र आहेत." तक्रार झालीच नाही.