चामड्याच्या कामासाठी शिलाई यंत्र : निवड आणि वापर

बीड शहराची छागळ एके काळी नावाजलेली होती. चामड्याची ही पाण्याची पिशवी आरी आणि मेण लावलेल्या दोऱ्याने हातानेच शिवली जाई. विहिरींवर पंप बसले तशी मोट गेली. पुढे छागळही मागे पडली. तथापि जिल्ह्यातील चामड्याचे काम संपलेले नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी परमुलखी जाणाऱ्या बैलगाड्यांना सापत्या लागतात, पोळ्याला घुंगुरमाळांचे पट्टे लागतात, आणि वहाणांची दुरुस्ती तर बारमाही चालते. नायलॉनच्या स्वस्त पट्ट्यांनी या कामाचा मोठा वाटा बळकावला आहे हे खरे. म्हणूनच उरलेले काम वेगाने आणि सफाईने होणे चर्मकाराला आवश्यक झाले आहे.

दि. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत चर्मकाराचा समावेश आहे. या योजनेत पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तरतूद करण्यात आली. ग्रामीण भागातील अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे सोपविण्यात आली. सल्ल्यासाठी कारागीर प्रथम ज्यांच्याकडे येतो त्या पंचायत सदस्यांना आणि शिक्षकांना यंत्राची थोडी माहिती असणे म्हणूनच उपयोगाचे आहे. चुकीचे यंत्र घेतले गेले तर ते कोपऱ्यात धूळ खाते आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहतात.

सर्वांत सामान्य चूक म्हणजे कपडे शिवण्याचे यंत्र चामड्याला चालेल असे समजणे. त्या यंत्रात सामान्यतः १४ किंवा १६ क्रमांकाची सुई असते. चामड्याच्या जाड कामाला १८ ते २४ क्रमांकाची, टोकाला धार असलेली सुई लागते. शिवाय साध्या यंत्रात केवळ खालचे दाते माल पुढे सरकवतात. चामड्याचे दोन थर एकमेकांवर घसरतात आणि टाके लहानमोठे पडतात. ज्या यंत्रात वरचा फूट आणि सुईदेखील मालाबरोबर पुढे चालतात, तेच जाड पट्ट्यांना योग्य होय.

यंत्राचा आकार कामावरून ठरवावा. सरळ पट्टे आणि सपाट पिशव्या यांना सपाट पाटाचे यंत्र पुरते. गोलाकार वस्तूंना नळीसारखा हात असलेले यंत्र सोयीचे पडते. वहाणा-बूट दुरुस्त करणाऱ्यास पॅचिंग मशीन बरे. त्याचा फूट कोणत्याही दिशेला वळतो आणि ते हाताने चाक फिरवून चालते. मात्र त्याचे बॉबिन लहान असते व जाड पट्ट्याला त्याची ताकद अपुरी पडते. जाड कामाचे नवे यंत्र १५,००० रुपयांत बसणे कठीण. तेथे कर्जाचा विचार करावा लागतो. खरेदीपूर्वी कारागिराने स्वतःचेच चामडे दुकानात नेऊन, दोन-तीन थर एकावर एक ठेवून, शिवून पाहावे. विक्रेत्याच्या मऊ तुकड्यावर कोणतेही यंत्र छान चालते!

मोटार घ्यायचीच असेल तर सर्व्हो मोटार पाहावी. ती संथ चालविता येते. जुन्या पद्धतीची क्लच मोटार एकदम धावते आणि वळणावर शिवण भरकटते. विजेचा भरवसा नसलेल्या गावात पायडलची किंवा हातचाकाची सोय राखणे शहाणपणाचे ठरते.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि बॉबिनचा दोरा चामड्याच्या आत एकमेकांत अडकतात. त्यांतील एक झिजून तुटला की शिवण उसवू लागते. हाताच्या दुहेरी टाक्यात एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि त्या प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी जातात. एक पदर तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. उसाने भरलेली गाडी उतारावर असताना सापती तुटली तर इजा बैलांना आणि गाडीवानालाही होते. यास्तव लांब कडा यंत्राने शिवाव्यात, पण ज्या सांध्यावर ओढ येते तो आरी-दोऱ्यानेच पक्का करावा. जुन्या कारागिरांचे हे कौशल्य यंत्र आल्यामुळे निरुपयोगी ठरत नाही.

वापरतानाही काही पथ्ये आहेत. जाड पट्ट्याला टाका सुमारे ४ ते ५ मिलिमीटरचा ठेवावा. टाके फार जवळ पडले तर पोस्टाच्या तिकिटाप्रमाणे चामडे छिद्रांच्या रेषेवर फाटते. सुती दोरा ओलाव्याने कुजतो; नायलॉनचा वा पॉलिएस्टरचा घ्यावा, आणि दोरा जाड तर सुईही जाड. गाठ खालच्या बाजूस दिसू लागली की वरच्या दोऱ्याचा ताण वाढवावा. थर फार जाड झाल्यास कडा रापीने आधी पातळ करावी, यंत्रावर जोर करू नये. शटलमध्ये साचणारा चामड्याचा भुसा रोज काढून तेलाचे थेंब द्यावेत. तेल दिल्यावर मात्र पहिले काही टाके टाकाऊ तुकड्यावर घालावेत, नाहीतर गिऱ्हाइकाच्या नव्या पट्ट्यावर डाग पडतो.