हंड्यापासून कायद्यापर्यंत

नळाला पाणी आलं नाही, की आधी कोणाचं काम अडतं? घरातल्या बाईचंच! पण पाण्याचा निर्णय जिथे होतो, तिथे तिला कोण विचारतं? मुंबईच्या गोरेगावात मृणाल गोरे यांनी हा प्रश्न हाती घेतला.

वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. १९५८ मध्ये पती केशव गोरे गेले. पदरात लहान मुलगी होती, तरी काम थांबलं नाही. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. उपनगरातल्या वस्त्यांना पाणी मिळावं म्हणून त्यांनी असा काही पिच्छा पुरवला, की लोक त्यांना 'पाणीवाली बाई'च म्हणू लागले.

१९७२ मध्ये महागाईने कहर केला. तेल, साखर, रॉकेल... मिळेल तेव्हा खरं! त्या वेळी मृणालताई, प्रमिला दंडवते, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या. कोणी समाजवादी, कोणी कम्युनिस्ट. पण चूल सगळ्यांचीच. हातात थाळी आणि लाटणं घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. स्वयंपाकघरातली रड आता सरकारला ऐकावी लागली. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्या मृणालताई १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या.

पण नुसत्या मोर्चाने सगळं होत नाही. अभ्यासही लागतो. गर्भलिंग तपासणीचंच बघा ना. मुलगी आहे असं कळलं, की गर्भच पाडायचा, हे सर्रास सुरू झालं होतं. १९८०च्या दशकात मुंबईतले काही डॉक्टर, अभ्यासक आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या एकत्र आल्या, त्यांनी माहिती जमवली, लोकांसमोर मांडली. आमदार असलेल्या मृणालताईंनी १९८६ मध्ये हा विषय अशासकीय विधेयकातून विधानसभेत नेला. १९८८ मध्ये महाराष्ट्रात कायदा झाला, देशातला पहिला! केंद्राचा कायदा आला तो १९९४ मध्ये. अभ्यासकांचं ज्ञान, बायकांचा रेटा आणि सभागृहातली एक जागा, या तिन्हींची गाठ पडली म्हणून हे घडलं.

मृणालताई २०१२ मध्ये गेल्या. त्याच्या आदल्याच वर्षी महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण मिळालं. जागा मिळाली, पण कितीतरी ठिकाणी सही बाईंची आणि कारभार 'साहेबांचा' असतो. मैत्रिणींनो, आपल्या वॉर्डातली नगरसेविका बैठकीत बोलते का? तिला आपण कधी भेटलो आहोत का? पाण्याची वेळ, रेशन, शाळेतलं स्वच्छतागृह याबद्दल चौघीजणींनी मिळून लेखी अर्ज दिला, तर तिच्याही बोलण्याला बळ येईल. गोरेगावच्या बाईंनाही ते बळ हंडे घेऊन आलेल्या बायकांनीच दिलं होतं.